वारा गावाचा, जमीन कोणाची?

धाराशिव जिल्ह्यातील पवन व सौर प्रकल्प आणि जमिनीचा वाद : कारणे, कायदे आणि पर्याय

खास प्रतिनिधी

धाराशिव : बालाघाटच्या माळावरील ज्या जमिनीला वर्षानुवर्षे गिऱ्हाईक मिळत नव्हते, त्याच जमिनीसाठी गेल्या काही वर्षांत पवनऊर्जा कंपन्यांचे प्रतिनिधी आणि त्यांचे स्थानिक दलाल गावोगाव फिरू लागले. वाशी, भूम, कळंब, तुळजापूर आणि धाराशिव तालुक्यांच्या शिवारात शंभर मीटरहून उंच मनोरे उभे राहिले. त्यांच्यापाठोपाठ रस्ते, वीजवाहिन्या आणि उपकेंद्रे आली आणि तक्रारीही आल्या. ठरलेला मोबदला मिळाला नाही, संमतीविना खांब रोवले, उभ्या पिकातून यंत्रे नेली, बांध फोडले, विरोध केल्यास दमदाटी झाली, असे या तक्रारींचे स्वरूप आहे. २०२४ आणि २०२५ या वर्षांत उपोषणे, रास्ता रोको आणि पोलिस ठाण्यातील फिर्यादी यांमुळे हा विषय सातत्याने चर्चेत राहिला.

वीज प्रदूषणमुक्त असावी, याबाबत दुमत नाही. मात्र ती वीज ज्या जमिनीवर तयार होते, त्या जमिनीचा मालक, तिच्यावर शेळ्या चारणारा भूमिहीन आणि शेजारच्या गटाचा शेतकरी यांच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न धाराशिवमध्ये अद्याप सुटलेला नाही. तो समजून घेण्यासाठी या जिल्ह्याची जमीन, प्रकल्पांचे अर्थकारण आणि कायद्यातील पळवाटा यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

धाराशिवच का?

१९८२ मध्ये लातूर वेगळा झाल्यानंतर उरलेल्या आणि २०२३ मध्ये उस्मानाबादऐवजी धाराशिव हे नाव मिळालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख आहे. जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर व त्याहून अधिक उंचीवर वसलेला आहे. पाऊस बेभरवशाचा, मोठे उद्योग नाहीत आणि शेती बहुतांश जिरायती. केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या जिल्ह्यांत हा एक होता.

शेतीच्या दृष्टीने उणीव ठरणाऱ्या याच गोष्टी पवनऊर्जेच्या दृष्टीने जमेच्या ठरतात. उंच, उघडे पठार, त्यावरून विशेषतः पावसाळ्यात वाहणारा सलग वारा, विरळ झाडी आणि स्वस्त जमीन या चारही बाबी येथे एकत्र आढळतात. पूर्वीच्या कमी उंचीच्या चक्क्यांना या भागातील वारा परवडत नसे. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून राज्यातील पवनऊर्जा सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी यांसारख्या सह्याद्रीच्या पठारांवर एकवटली. आताच्या चक्क्यांची मनोऱ्याची उंची १२० ते १४० मीटर, तर पात्यांच्या वर्तुळाचा व्यास १२० ते १४५ मीटर असतो. एवढ्या उंचीवरचा वारा पकडता येऊ लागल्याने मराठवाड्याचे पठार एकाएकी मोलाचे झाले.

दुसरे कारण विजेच्या वहनाचे. आंतरराज्य पारेषण जाळ्याशी जोडणारे ४०० किलोव्होल्टचे उपकेंद्र कळंबजवळ उभारण्याचे ठरले आणि परळी ते पुणे ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी त्याला जोडण्यात आली. २०२४ मध्ये ही व्यवस्था कार्यान्वित झाली. वारा कितीही असला तरी वीज वाहून नेण्याची सोय नसेल तर प्रकल्प उभा राहत नाही. ही सोय झाल्याने कंपन्यांचा ओढा वाढला. सौरऊर्जेचेही तसेच आहे. कौडगाव येथील औद्योगिक क्षेत्रात महानिर्मिती कंपनीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, तर कृषिपंपांसाठीचे छोटे सौर प्रकल्प आता गावोगावच्या वीज उपकेंद्रांलगत जागा शोधत आहेत.

घाई कोठून आली?

पवनऊर्जेच्या धोरणात २०१७ मध्ये मूलभूत बदल झाला. तोपर्यंत वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने वीज विकत घेतली जात होती. २०१७ पासून स्पर्धात्मक बोली सुरू झाली आणि पहिल्याच लिलावात दर प्रतियुनिट ३ रुपये ४६ पैशांपर्यंत उतरला. बोलीत दर कमी लावायचा, तर खर्च कोठे तरी वाचवावा लागतो. यंत्रांची किंमत कंपनीच्या हातात फारशी नसते. जमिनीची किंमत मात्र वाटाघाटीने कमी करता येते.

त्यात मुदतीचा फास असतो. ठरल्या तारखेला वीज सुरू झाली नाही तर दंड होतो. शिवाय ३० जून २०२५ पर्यंत सुरू होणाऱ्या पवन व सौर प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्कात पूर्ण सवलत होती आणि त्यानंतर ती टप्प्याटप्प्याने घटणार होती. परिणामी २०२३ ते २०२५ या काळात प्रत्येक महिना कंपन्यांच्या दृष्टीने पैशाचा झाला. देशाने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट जीवाश्मेतर क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. राज्याच्या २०२० च्या धोरणातही पाच वर्षांत १७,३६० मेगावॅट अपारंपरिक ऊर्जेचे लक्ष्य होते. वरून उद्दिष्ट आणि खालून मुदत, अशा कात्रीत जमीन मिळवण्याचे काम सापडले.

हे काम कंपनी सहसा स्वतः करीत नाही. ती प्रकल्प उभारणीचे कंत्राट एका संस्थेला देते, ती संस्था जमिनीचे काम दुसऱ्याला सोपवते आणि तो गावपातळीवर दलाल नेमतो. शेतकऱ्याशी बोलणारा माणूस या साखळीतील शेवटचा असतो. त्याने दिलेला शब्द कंपनीच्या कागदावर उतरतोच असे नाही, आणि शेतकरी कंपनीच्या दारात गेला तर व्यवहार कंत्राटदाराशी झाल्याचे त्याला सांगितले जाते. गावात वजन असलेल्या माणसालाच बहुधा हे काम मिळते. त्यामुळे जमिनीचा व्यवहार, मुरूम व खडीचा पुरवठा, यंत्रांच्या वाहतुकीची कंत्राटे आणि विरोध मोडून काढणे ही कामे एकाच हाती एकवटण्याचा धोका असतो.

मस्साजोगचा इशारा

ही साखळी किती हिंसक वळण घेऊ शकते, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवून दिले. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून निर्घृण हत्या करण्यात आली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटी रुपयांच्या खंडणीशी आणि प्रकल्पस्थळी झालेल्या मारहाणीच्या घटनेशी या हत्येचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. या प्रकरणाने राज्याचे राजकारण ढवळून निघाले.

मस्साजोगची घटना जमीनमालकाच्या विरोधातून घडलेली नाही, हे खरे. परंतु मोठा पैसा, तातडीची मुदत, विखुरलेली कामे आणि दुबळी देखरेख एकत्र आली की गावात कोणत्या प्रवृत्ती बळावतात, हे त्यातून दिसले. तेव्हापासून धाराशिवमधील पवनचक्क्यांच्या तक्रारींकडेही अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. येथे शेतकरी दबावाची तक्रार करतात, तर कंपन्या अडवणुकीची आणि पैशाच्या अवाजवी मागणीची. दोन्ही बाजूंनी पारदर्शक व्यवहाराची सोय नसल्याचेच हे लक्षण आहे.

जमीन किती लागते आणि कशी लागते?

सौर प्रकल्पाला एका मेगावॅटमागे साधारण चार ते पाच एकर सलग जमीन लागते. म्हणजे शंभर मेगावॅटसाठी चारशे ते पाचशे एकर. या जमिनीला कुंपण पडते आणि तिचा अन्य उपयोग जवळपास संपतो.

पवनऊर्जेचे गणित वेगळे आहे. तीन मेगावॅटची एक चक्की धरली, तर शंभर मेगावॅटसाठी तेहतीस-चौतीस चक्क्या पुरतात. एका चक्कीच्या पायासाठी आणि क्रेन उभी करण्याच्या जागेसाठी दोन-तीन एकर जमीन घेतली जाते. दोन चक्क्यांत काही शे मीटर अंतर ठेवावे लागत असल्याने प्रकल्प अनेक गावांत पसरतो. कागदावर व्यापलेली जमीन थोडी दिसते. प्रत्यक्षात तिचा परिणाम होणारे शिवार कितीतरी मोठे असते.

ज्याच्या गटात चक्की उभी राहते, त्याला एकरकमी किंमत मिळते. खरी कुरबूर असते ती उरलेल्यांची. साठ-सत्तर मीटर लांबीचे अखंड पाते नेणारे वाहन गावच्या पाणंद रस्त्यावरून जाऊ शकत नाही. वळणे रुंद करावी लागतात, बांध फोडावे लागतात, ओढ्यांवर भराव टाकावे लागतात. शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ ने दिला आहे, आणि वहिवाटीचा रस्ता अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दाद मागता येते. पण या तरतुदी औताला आणि बैलगाडीला वाट मिळावी म्हणून केलेल्या आहेत. अवजड क्रेन नेण्यासाठी त्यांचा आधार घेता येत नाही. म्हणूनच रस्त्यासाठी शेजारच्या शेतकऱ्याशी स्वतंत्र लेखी करार आणि मावेजा आवश्यक ठरतो. तो न करताच काम उरकले गेले की वादाला तोंड फुटते.

भराव टाकताना पुरेशा नळ्या बसवल्या नाहीत तर पावसाळ्यात वरचे पाणी अडते आणि दुसऱ्याच्या शेतात घुसते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भूम, परंडा आदी तालुक्यांत शेतजमिनी खरवडून गेल्या. त्या आपत्तीचे कारण पाऊस आणि नद्यांचे पूर हे होते. तरीही पाण्याची नैसर्गिक वाट बदलणाऱ्या कोणत्याही बांधकामाकडे या जिल्ह्यात दुर्लक्ष करणे परवडणारे नाही, हा धडा त्यातून घ्यावा लागतो. रस्त्यांसाठी लागणाऱ्या मुरुमाचे उत्खनन हाही तंट्याचा विषय आहे. विनापरवाना गौण खनिज काढल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करण्याची तरतूद महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये आहे. तिची अंमलबजावणी किती काटेकोर होते, यावर गावातील टेकड्यांचे भवितव्य अवलंबून असते.

तारांखालची जमीन

सर्वाधिक तक्रारी वीजवाहिन्यांच्या आहेत. चक्कीची जमीन विकत घेतली जाते, मात्र वाहिनीखालची जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते आणि तिच्या वापरावर बंधने येतात.

एक हिशेब पाहण्याजोगा आहे. २२० किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी ३५ मीटर रुंदीचा पट्टा धरला जातो. ती एखाद्या शेतातून दोनशे मीटर गेली, तर सात हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेदोन एकर जमीन तारांखाली येते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर आहे. याचा अर्थ सरासरी शेतकऱ्याचे निम्म्याहून अधिक रान एका वाहिनीने बांधले जाऊ शकते. तेथे सोयाबीन, तूर, ज्वारी घेता येते. परंतु घर बांधता येत नाही, आंब्याची बाग लावता येत नाही, विंधन विहिरीचे यंत्र उभे करता येत नाही आणि जमीन विकायला काढली तर भाव पडतो.

याचा मोबदला किती, यावर दीर्घकाळ वाद आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये मनोऱ्याखालच्या जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के मोबदला सुचवला होता. जून २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० टक्के आणि ३० टक्के करण्यात आले. मार्च २०२५ मधील पूरक सूचनांत ग्रामीण भागासाठी ३० टक्के कायम ठेवून नागरी भागासाठी ते वाढवण्यात आले आणि बाजारभाव ठरवण्यासाठी समितीची पद्धत सांगण्यात आली. वरील उदाहरणात ३० टक्के दराने शेतकऱ्याला अर्धा एकर जमिनीच्या किमतीएवढी रक्कम मिळेल. हे मूल्य शीघ्रगणकाप्रमाणे धरायचे की प्रत्यक्ष बाजारभावाने, यावर त्या रकमेचा आकार ठरतो. कोरडवाहू भागात शीघ्रगणकाचे दर कमी असतात आणि असंतोषाचे मूळ तेथेच आहे. शिवाय ही तत्त्वे आंतरराज्य पारेषण वाहिन्यांसाठी असून राज्यांतर्गत वाहिन्यांचे दर राज्य सरकार ठरवते. आपल्या शेतातून जाणारी वाहिनी नेमकी कोणत्या प्रकारची, हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही.

कायद्याची बाजूही गुंतागुंतीची आहे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम १६४ खाली सरकार एखाद्या संस्थेला १८८५ च्या तार अधिनियमातील अधिकार देऊ शकते. असे अधिकार असलेल्या संस्थेला जमीनमालकाच्या पूर्वसंमतीची गरज नसते. तिने नुकसानभरपाई द्यावी लागते आणि रकमेबाबत वाद झाल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येते. असे अधिकार नसतील तर मालकाची संमती किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. म्हणून खांब रोवायला आलेल्या पथकाला पहिला प्रश्न विचारायला हवा तो हाच, की काम कोणत्या आदेशान्वये चालू आहे?

जनसुनावणी का होत नाही?

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गासारख्या सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन संपादित करते, तेव्हा नोटीस, हरकती, सुनावणी, निवाडा असे टप्पे असतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम आणि पुनर्वसनाच्या तरतुदी आहेत. पवन प्रकल्पांची जमीन मात्र खासगी खरेदीने किंवा भाडेपट्ट्याने घेतली जाते. त्यामुळे हा कायदा आणि त्यातील सामाजिक परिणामांचा अभ्यास सहसा लागू होत नाही.

पर्यावरणाच्या बाबतीतही तेच. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत पवन आणि सौर प्रकल्पांचा समावेश नाही. परिणामी पर्यावरण मंजुरीसाठी होणारी जनसुनावणी येथे होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये हे प्रकल्प प्रदूषणाच्या दृष्टीने निर्धोक अशा पांढऱ्या श्रेणीत टाकले. धूर आणि सांडपाणी यांच्या निकषावर ते योग्यच होते. मात्र जमिनीच्या वापराचा विचार त्या निकषात बसत नाही.

नियम अगदीच नाहीत असे नव्हे. ऑक्टोबर २०१६ मधील केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवाजाचा त्रास टाळण्यासाठी वस्तीपासून ५०० मीटरच्या आत चक्की उभारू नये. रस्ते, रेल्वे, इमारती आणि उच्चदाब वाहिन्यांपासून मनोऱ्याची उंची, पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाचा निम्मा भाग आणि आणखी पाच मीटर एवढे अंतर राखावे लागते. मनोरा १४० मीटर आणि व्यास १२० मीटर असल्यास हे अंतर २०५ मीटर भरते. शेतात एकटे घर बांधून राहणाऱ्या वस्तीवरील कुटुंबांना हे नियम ठाऊक असणे गरजेचे आहे.

गायरान : ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही त्याचे काय?

खासगी जमिनीच्या वादात मालक निदान दिसतो. गायरानाच्या वादात हरणारा माणूस कागदावर नसतोच.

मराठवाड्यात गायरान हे गुरांच्या चराईपुरते नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून येथील दलित व भूमिहीन कुटुंबांनी पडीक सरकारी जमीन कसायला घेण्याचा लढा चालवला. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने तो पुढे नेला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. परंतु पात्र असूनही सातबारा न मिळालेली कुटुंबे आजही आहेत. त्यांच्या दृष्टीने ती कसलेली जमीन. महसूल खात्याच्या दृष्टीने ती 'उपलब्ध' जमीन.

जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी याच माळांवर वाढली. कमी चाऱ्यावर तग धरणारी, जुळी करडे देणारी ही जात म्हणजे दुष्काळात भूमिहीनाच्या घरातील रोकड. भूम परिसरातील खव्याचा व्यवसायही जनावरांवर आणि म्हणून चाऱ्यावर उभा आहे. माळ 'ओसाड' असल्याची नोंद करताना हे अर्थकारण हिशेबात धरले जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मधील जगपालसिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनी राखण्याचे आदेश राज्यांना दिले आणि राज्य सरकारने १२ जुलै २०११ च्या निर्णयाने गायरानाच्या अन्य वापरावर निर्बंध घातले. सार्वजनिक प्रयोजनाचा अपवाद मात्र राहिला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि मे २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा राबवला जात आहे. त्यासाठी वीज उपकेंद्रांलगतच्या सरकारी जमिनी दिल्या जातात आणि त्यांत गायरानेही येतात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हा योजनेचा हेतू स्तुत्य आहे. रात्री-अपरात्री पिकाला पाणी देताना साप-विंचवाची भीती सोसणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे मोल सांगायला नको. प्रश्न एवढाच की बागायतदाराच्या पंपाला दिवसा वीज देण्याची किंमत भूमिहीनाच्या चराईने का मोजावी? याच योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ देऊ केली आहे. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये अनुदान मिळते. चराई गमावणाऱ्या कुटुंबासाठी मात्र स्वतंत्र तरतूद नाही.

इतरत्र काय घडले?

हे सारे प्रथमच घडत आहे असे नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात आदिवासी कसत असलेल्या वनजमिनींवर पवनचक्क्या उभारण्यावरून २००० च्या दशकात संघर्ष झाला. भीमाशंकर परिसरातील पवन प्रकल्पासाठी डोंगर कापून काढलेल्या रस्त्यांवर माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात कठोर टीका केली. सातारा, सांगली, धुळे या भागांत तर पवनचक्क्यांमुळे ढग पांगतात आणि पाऊस पडत नाही, असा समज दुष्काळी वर्षांत पसरला होता. त्याला शास्त्रीय आधार नव्हता. पण विश्वासात न घेतलेल्या गावात अफवा किती वेगाने रुजते, हे त्यातून दिसले.

वन्यजीवांचा मुद्दाही आहे. येडशी रामलिंग घाट अभयारण्य याच पठारावर आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील माळढोक अभयारण्यही दूर नाही. माळढोक तारांना धडकून मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान व गुजरातमधील त्यांच्या अधिवासात वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. तापमानवाढ रोखणे आणि पक्षी वाचवणे या दोहोंचा तोल सांभाळण्याची कसरत न्यायालयालाही करावी लागली.

कर्नाटकातील पावगड येथे सुमारे तेरा हजार एकरांवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. तेथे जमीन विकत न घेता भाड्याने घेण्यात आली. सुरुवातीचा दर एकरी वार्षिक २१ हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ असा होता. दुष्काळी भागातील शेतकऱ्याला बिनजोखमीचे उत्पन्न मिळाले आणि मालकीही टिकली. मात्र शेतमजूर आणि मेंढपाळ यांचा रोजगार गेला, त्यांना भाड्यातील वाटा मिळाला नाही. डेन्मार्कने २००९ पासून २०२० पर्यंत नव्या पवन प्रकल्पातील किमान वीस टक्के मालकी परिसरातील रहिवाशांना देऊ करण्याचे बंधन घातले होते, तसेच चक्कीमुळे घराची किंमत घटल्यास भरपाईची सोय केली. जर्मनीने २०२२ च्या कायद्याने देशाच्या दोन टक्के भूभागावर २०३२ पर्यंत पवनऊर्जेसाठी आगाऊ क्षेत्रे निश्चित करण्याचे ठरवले. चक्की कोठे येईल आणि कोठे येणार नाही, हे तेथे आधी ठरते. आपल्याकडे ते जमीन कोण विकतो यावर ठरते.

व्यवहारापूर्वी पाहण्याच्या गोष्टी

जमीन देणे वा न देणे हा मालकाचा निर्णय आहे. तो घेताना पुढील बाबी तपासणे हिताचे ठरते.

१. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. साध्या मुद्रांक कागदावरची नोटरी पुरेशी नाही.

२. करार कोणाशी होत आहे, कंपनीशी की कंत्राटदाराशी, आणि प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला गेल्यास अटी बंधनकारक राहतील काय, हे लिहून घ्यावे.

३. चक्कीची जागा, रस्ता, तात्पुरता वापर, वाहिनी आणि पीकनुकसान यांचा मोबदला वेगवेगळा नमूद करावा. 'सर्व समाविष्ट' अशी एकच रक्कम पुढे वादाचे कारण होते.

४. भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी करून हद्दी निश्चित कराव्यात. सामाईक खाते असल्यास सर्व खातेदारांची संमती लागते. इनाम व भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर आहेत. त्यांच्या हस्तांतरणास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते.

५. चक्कीचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे. त्यानंतर मनोरा आणि जमिनीत गाडलेला काँक्रीटचा पाया कोण काढणार, हे आजच ठरवावे.

६. ग्रामपंचायतीने ना हरकत देताना ग्रामसभेत नकाशा मांडून घ्यावा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खालील करआकारणीचा प्रश्नही त्याच वेळी मार्गी लावावा.

पुढे काय?

जिल्हा प्रशासनाला नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. प्रत्येक प्रकल्पाची चक्कीनिहाय जागा, रस्ते आणि वाहिन्यांचा आराखडा तालुक्याच्या ठिकाणी खुला ठेवणे, मोबदल्याचे दर गटनिहाय जाहीर करणे, दलालांची नोंद कंपनीने पोलिसांकडे आणि तहसीलदारांकडे देणे आणि तक्रारींचा निपटारा ठरावीक दिवशी करणे, एवढे प्रशासकीय पातळीवर शक्य आहे. दर उघड असेल तर शेतकऱ्याची फसवणूक करणे अवघड होते आणि खंडणी मागणाऱ्याचीही सोय राहत नाही. गायरान देण्यापूर्वी तेथे कोण कसते आणि कोण चारते, याचा पंचनामा करणे हे महसूल खात्याच्या नित्य कामातच बसते.

राज्य पातळीवर दोन प्रश्न उरतात. जनसुनावणीची अट नसलेल्या प्रकल्पांसाठी किमान ग्रामसभेपुढे आराखडा मांडण्याची सक्ती करायची की नाही, आणि प्रकल्पाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा गावाला, त्यातही भूमिहीनांना मिळण्याची तजवीज करायची की नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा आणि उमरगा तालुक्यांत पुनर्वसनाची गावे वसली, तेव्हा आराखडे गावकऱ्यांसमोर मांडण्याची पद्धत याच जिल्ह्याने पाहिली आहे. जमीन देणाऱ्याला विचारून काम करणे येथे नवे नाही.

बालाघाटावरचा वारा पुढील अनेक दशके वीज देत राहील. त्या काळात दुष्काळही येतील आणि शेतीचे भावही पडतील. अशा वर्षी चक्कीचे भाडे एखाद्या घराला तारून नेऊ शकते. ते भाडे मिळणारी घरे गावात किती असतील, हे मात्र आज होणाऱ्या करारांवर ठरणार आहे.